दर नको, पट्टी दाखवा

परदेशातून घरी पैसे पाठवण्याचे कोणतेही ॲप उघडा. रक्कम टाकली की क्षणात एक विनिमय दर समोर येतो, त्याखाली 'पाठवा'चे बटण असते आणि घाईतला माणूस ते दाबून मोकळा होतो. तो दर म्हणजे बाजाराचा दर, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो एका कंपनीने, त्या घटकेला, तेवढ्या रकमेसाठी सांगितलेला दर असतो. दुसरी कंपनी त्याच मिनिटाला वेगळा दर सांगत असते, तिसरी आणखी वेगळा. ग्राहकाला मात्र यातले एकच उत्तर दिसते, आणि ते सर्वांत चांगले असेल याची खात्री कोणी देत नाही. मागची यंत्रणा एकाच ठिकाणी विचारत असेल, किंवा अनेक ठिकाणी विचारून जे उत्तर आधी आले तेच पुढे करत असेल. पैसे देण्याघेण्याच्या सॉफ्टवेअरने ही सवय आता मोडली पाहिजे. ठरावीक वेळ थांबून येतील तेवढे सगळे दर गोळा करावेत, प्रत्येक दरामागे हाती नेमके किती पडणार ते मांडावे आणि माणसाने निवडलेल्या दरानेच पैसे द्यावेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल किरकोळ दुरुस्तीत मोडेल. पण वाटेतली रक्कम कोणाच्या खिशात राहणार, हे त्याच दुरुस्तीवर ठरते.

कराड, पाटण, माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्याला बाहेरून येणारा पैसा नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतून आणि गोदीतून इथल्या घरांना मनीऑर्डरी येत. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या आणि १९६९च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या माथाडी कामगारांमध्येही याच डोंगरकपारीतली माणसे मोठ्या संख्येने होती. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिचे जुने कागदी रूप बंद झाले. तिच्या शेवटच्या काळातला दर सगळ्यांना तोंडपाठ होता: वीस रुपयांमागे एक रुपया. शेकडा पाच हा दर स्वस्त नव्हताच, पण तो लपलेलाही नव्हता. शंभर पाठवायचे तर खिडकीवर एकशे पाच द्यायचे आणि गावात पोस्टमनने शंभर मोजून द्यायचे, इतका तो हिशेब सरळ होता. पुढे यूपीआय आले आणि खर्चाचा प्रश्नच उरला नाही; हजार पाठवले की हजारच पोचतात. या सोयीने आपली एक समजूत पक्की करून टाकली, की पाठवलेली रक्कम आणि पोचलेली रक्कम एकच असते. रुपयातून रुपयात जाताना ती खरी आहे. दिरहम, रियाल किंवा डॉलर रुपयात बदलला जातो तिथे ती खोटी ठरते. तरीही आपण त्या पडद्याकडे यूपीआयच्याच भरवशाने पाहतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांकडून देशात ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यात सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा होता, केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा. पाठवणाऱ्या देशांत अमेरिका पहिली आणि संयुक्त अरब अमिरात दुसरी. महाराष्ट्राच्या वाट्यात मुंबई-पुण्याचा हिस्सा मोठा असणार हे उघड आहे, पण आखातात काम करणारी आणि अमेरिकेत स्थिरावलेली माणसे आता सातारा-सांगलीच्या गावोगावी आहेत. शिवाय तासगाव-मिरजेकडची द्राक्षे आणि बेदाणा बाहेर जातो, त्याचेही पैसे परकीय चलनातच येतात. एवढ्या रकमेवर दरात एक टक्क्याचा फरक पडला तर देशाच्या पातळीवर तो जवळपास १० हजार कोटी रुपये होतो. जगभरात २०० डॉलर पाठवण्याचा सरासरी खर्च जागतिक बँकेच्या नोंदींप्रमाणे अजून सहा टक्क्यांच्या वर आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तो २०३०पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचे ठरले आहे. या खर्चाचा एक भाग शुल्क म्हणून दिसतो. दुसरा भाग दराच्या आत दडलेला असतो आणि पावतीवर त्याचे नावही नसते.

उदाहरणापुरते काही आकडे घेऊ. दुबईतून कराडला ५,००० दिरहम पाठवायचे आहेत आणि बाजारातला खरेदी-विक्रीचा मधला दर २४ रुपये आहे, असे समजा. पहिली कंपनी म्हणते, शुल्क शून्य, दर २३.७०, घरी पोचतील १,१८,५०० रुपये. दुसरी २० दिरहम शुल्क घेते आणि २३.९० दर देते. पोचतील १,१९,०२२ रुपये, पण उद्या. तिसरीचे शुल्क १५ दिरहम, दर २३.८५, पोचतील १,१८,८९२ रुपये, काही मिनिटांत. मधल्या दराने पूर्ण १,२०,००० झाले असते. म्हणजे 'शुल्क शून्य' म्हणणारी कंपनी प्रत्यक्षात दीड हजार रुपये घेते आणि तिघींत तीच सर्वांत महाग पडते. दुसरीच्या तुलनेत तिच्याकडून ५२२ रुपये कमी येतात. दरमहा पाठवणाऱ्याचे वर्षाला सहा हजारांवर जातात. यात चौथी शक्यताही आहे. दिरहम तसेच भारतातल्या बँकेत आले आणि रूपांतर इथे झाले, तर दर पैसे पोचल्यावर ठरतो आणि त्या रूपांतरावर जीएसटी लागतो. हा कर पूर्ण रकमेवर नसतो. पहिल्या लाखाचा एक टक्का आणि त्यावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या रकमेचा अर्धा टक्का एवढे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर बसतो. आपल्या उदाहरणात तो दोनशे रुपयांच्या आसपास जाईल. आता हे चारही दर शेजारी शेजारी नसतील, तर घाईतला माणूस कुठला निवडेल? 'शुल्क शून्य' लिहिलेला पहिलाच.

ही तुलना करून देण्याचे काम प्रोग्रामने करायचे, तर तो आतून कसा बदलावा लागतो हे पाहू. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायचा एक पेमेंट क्लायंट डोळ्यांसमोर आणा. 'अमुक खात्यावर इतके पाठव' अशी ओळ लिहिली की तो सर्व्हरला दर विचारतो. जुन्या घडणीत एक प्रश्न आणि एक उत्तर एवढाच व्यवहार असतो: उत्तर आले, जोडणी बंद, दर छापला, 'हो की नाही' विचारले, पैसे गेले. नव्या घडणीत सर्व्हर जोडणी उघडी ठेवतो आणि वेगवेगळ्या पुरवठादारांचे दर जसजसे येतील तसतसे पुढे सोडत राहतो. दोन सेकंदांत एक, चौथ्या सेकंदाला दुसरा, मग पहिल्याचाच सुधारलेला दर, असा तो प्रवाह असतो. जुना क्लायंट या नव्या सर्व्हरला जोडला तर वरवर काहीच बिघडत नाही. तो पहिला दर उचलतो, बाकीचे कानाआड करतो आणि काम फत्ते झाल्याचे सांगतो. चुकीची सूचना नाही, लाल अक्षरे नाहीत. फक्त पोचणारी रक्कम कमी. कोणालाच न दिसणारा असा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण त्याची तक्रार करायला कोणाकडे काही पुरावाच नसतो. म्हणून ही दुरुस्ती 'नंतर बघू'च्या यादीत टाकण्यासारखी नाही.

दुरुस्ती करतानाही जागोजागी घसरायला होते. प्रत्येक दराला स्वतःचा क्रमांक आणि मुदत असते. मुदत संपलेला दर यादीतून गेला पाहिजे, आणि एकाच पुरवठादाराचा नवा दर आला की जुना पुसला गेला पाहिजे, नाहीतर यादी मेलेल्या दरांनी भरते. सगळे दर येऊन प्रवाह संपला आणि मध्येच नेट तुटले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या वेळी 'एवढेच दर मिळाले, आणखी असू शकतात' असे स्पष्ट सांगायला हवे. रकमेचा हिशेब दशांशात न करता पैशांच्या पूर्णांकात करायला हवा, कारण संगणकाच्या दशांश बेरजेत सूक्ष्म चुका शिरतात आणि हजारो व्यवहारांत त्या साचतात. निवड झाल्यावर त्या दराच्या क्रमांकासकटच पैसे द्यायचे, आणि उत्तर न आल्याने पुन्हा प्रयत्न केला तरी तोच व्यवहार दोनदा होऊ नये यासाठी त्यावर एकच खूण कायम ठेवायची. बिटकॉइनवर उभ्या असलेल्या लाइटनिंग नेटवर्कसारख्या जाळ्यांत एकच देणे तुकडे होऊन अनेक वाटांनी जाऊ शकते. वाटेत चलनही बदलत असेल तर प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा निघू शकतो. अशा वेळी शेवटी एकच दर छापणे ही दिशाभूल ठरते. तुकड्यागणिक दर आणि त्यांची रकमेनुसार काढलेली सरासरी, दोन्ही दाखवावे लागतात. यातली एकही गोष्ट अवघड गणिताची नाही. ती काळजीची आहे, आणि काळजी कोणाच्या बाजूने घ्यायची हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे असते.

हे सगळे आपल्याकडच्या बाजाराने एकदा शिकून झाले आहे. शेतमालाचे सौदे एके काळी रुमालाखाली होत. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि माल पिकवणारा शेजारी उभा राहून फक्त तोंडाकडे बघत राही. कोणी किती बोली केली, सर्वांत चढी बोली कोणाची होती, हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. नियंत्रित बाजारपेठा आल्या, मुंबई प्रांताचा १९३९चा आणि नंतर महाराष्ट्राचा १९६३चा कायदा आला आणि बोली उघड झाली. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा बोली सगळ्यांच्या कानावर पडते. १४ एप्रिल २०१६ला सुरू झालेल्या ई-नाममध्ये तीच बोली मोबाईलवरून नोंदवायची सोय झाली. पण उघड बोलीइतकेच महत्त्व दुसऱ्या एका कागदाला आहे, तो म्हणजे पट्टी. सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, तीत वजन, भाव, हमाली, तोलाई, इतर कपात आणि सर्वांत खाली हाती येणारी रक्कम असते. जाणता शेतकरी नुसत्या भावाला भुलत नाही. तो पट्टीचा शेवटचा आकडा पाहतो, कारण क्विंटलला शंभर रुपये जास्त देणारा कपातीत दीडशे काढू शकतो हे त्याला ठाऊक असते. पेमेंट सॉफ्टवेअरकडून नेमके हेच मागायचे आहे: बोली उघड करा, आणि प्रत्येक बोलीची पट्टी सौद्याच्या आधी द्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो सोपेपणाचा. लोकांना पर्याय नको असतात, एक बटण हवे असते. पाच दर दाखवले तर ते गोंधळतील आणि व्यवहारच सोडून देतील, असे सॉफ्टवेअर कंपन्यांतली रचनाकार मंडळी सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. गोंधळ दरांच्या संख्येने होत नाही, ते तुलनेच्या लायक नसल्याने होतो. एकीकडे टक्क्यांत शुल्क, दुसरीकडे दिरहममध्ये, तिसरीकडे दर नंतर ठरणार, असे समोर आले तर सनदी लेखापालही थबकेल. सगळ्यांचे रूपांतर 'घरी किती पोचतील आणि कधी' या दोन रकान्यांत केले की पाचवी शिकलेल्यालाही निवड करता येते. मोठी रक्कम वर, छोटी खाली, न ठरलेला दर वेगळ्या खुणेने सर्वांत शेवटी. ज्याला एकच बटण हवे त्याने वरच्या ओळीवर बोट ठेवावे. त्याचा सोपेपणा कुठेही गेला नाही. उलट एकच दर दाखवून मिळणारा सोपेपणा मुख्यतः विकणाऱ्याच्या सोयीचा असतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. दर क्षणोक्षणी हलतात, सगळ्यांची वाट पाहत बसलो तर हातचा चांगला दर जाईल, असे म्हटले जाते. विटा-खानापूर भागातली सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करणारी जी कुटुंबे देशभर पसरली आहेत, त्यांना हलत्या दराची ही धास्ती कोणी शिकवायला नको. ती खरीही आहे. पण त्यावर उपाय पहिला दर पकडणे हा नाही. थांबण्याची मर्यादा आधी ठरवणे हा आहे. पाच सेकंद थांब, दहा सेकंद थांब, किंवा अमुक रकमेच्या वर कोणी गेला की लगेच थांब, असे आज्ञेतच सांगता आले पाहिजे. प्रत्येक दरापुढे त्याची उरलेली मुदत सेकंदांत दिसली पाहिजे. आणि निवड करता करता मुदत संपली तर प्रोग्रामने नवा दर विचारून पुन्हा संमती घ्यावी; गुपचूप नव्या दराने पैसे पाठवून मोकळे होणे हा गुन्हा समजावा. तुकड्यातुकड्याने येणाऱ्या दरांचा फायदाच हा, की पहिला दर येताच तो दिसतो आणि पुढचे येईपर्यंत माणूस विचार करू शकतो. मोठ्या बँकांना यात काही नवल नाही. १९९२ पासून विकसित होत गेलेल्या फिक्स या संदेशप्रणालीवर अनेकांचे चालते दर एकाच पडद्यावर पाहून व्यवहार करणे हा त्यांचा रोजचा रिवाज आहे. मुंबईतल्या बँकेच्या ट्रेझरीला जे परवडते ते तासगावच्या बेदाणा निर्यातदाराला परवडणार नाही, असे म्हणायला तांत्रिक आधार नाही.

तिसरा आक्षेप असा, की टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून पैसे पाठवतो कोण? चार प्रोग्रामरांच्या सोयीवर वर्तमानपत्राची जागा कशाला खर्च करायची? यात सॉफ्टवेअरची उतरंड विसरली जाते. टर्मिनलचा क्लायंट हा बहुधा यंत्रणेला लागलेला पहिला हात असतो. त्याच्यावरच चाचण्या होतात, महिनाअखेरीची सामूहिक देणी देणाऱ्या स्क्रिप्ट त्यालाच बोलावतात, आणि मोबाईल ॲप बांधणारे 'यात कसे केले आहे' म्हणून त्याच्याकडेच बघतात. त्यात पहिला दर घेणे ही मूळ वागणूक असेल, तर वरच्या ॲपमध्येही तीच उतरते, फक्त रंगीत बटणाखाली झाकली जाते. शिवाय रात्री दोन वाजता माणसाविना चालणाऱ्या स्क्रिप्टला डोळे नसतात. 'सर्वांत जास्त पोचवणारा, आज पोचवणारा, परवानाधारक' असे निकष तिला लिहून द्यावे लागतात. जुन्या स्क्रिप्ट एकाच ओळीच्या उत्तराची अपेक्षा करतात, त्या अचानक पाच ओळींनी अडखळतील, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून एकाच दराची जुनी वागणूक हवी असेल तर ती नाव घेऊन मागण्याची सोय ठेवावी. न मागता मिळायला मात्र सगळे दर हवेत.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि कराडकराने तो घेतला तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. चार पैसे जास्त देणाऱ्यापेक्षा पैसे बुडवणार नाही असा माणूस बरा, हे इथल्या लोकांनी जवळून अनुभवले आहे. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती म्हणून बहुतेक ठेवीदारांची रक्कम त्या छत्राखाली आली. वाटेत असलेला पैसा मात्र ठेव नसतो. त्याला हे छत्र गृहीत धरता येत नाही. आणि चढ्या दराचे सर्वांत मोठे आमिष हवालावाला दाखवतो, जो परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार सरळ बेकायदा आहे. तेव्हा नुसत्या रकमेवर रांग लावणारे सॉफ्टवेअर माणसाला खड्ड्यात घालू शकते, हे मान्य. पण त्यावरून एकच दर दाखवावा असे ठरत नाही, कारण एकटा दरही तेवढाच असुरक्षित असू शकतो आणि त्याच्या शेजारी तुलनेला काहीच नसते. उपाय असा, की पट्टीत रकमेबरोबर पुरवठादाराचे नाव, त्याचा परवाना कोणाचा, पैसे पोचायला लागणारा वेळ आणि रद्द करण्याची मुभा हेही रकाने असावेत, आणि परवाना नसलेला दर यादीत येऊच नये. एखाद्याने सांगितले किती आणि प्रत्यक्ष पोचवले किती, याची नोंद क्लायंटने जपून ठेवली, तर आमिषाचा दर दाखवून नंतर कपात करणाराही दोन-चार व्यवहारांत उघडा पडतो.

मग हे काम कायद्यावर का सोडू नये? कायद्याने बरेच केलेही आहे. अमेरिकेत २८ ऑक्टोबर २०१३ पासून परदेशी पैसे पाठवण्याआधी दर, शुल्क, कर आणि पोचणारी रक्कम ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे, आणि पैसे भरल्यावर साधारणपणे अर्ध्या तासात व्यवहार रद्द करता येतो. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून कार्डावरच्या चलनरूपांतराचा खर्च युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त, या एकाच मापात सांगावा लागतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ५ ऑगस्ट २०१९ रोजी 'एफएक्स-रिटेल' हा मंच सुरू केला. तिथे छोट्या ग्राहकालाही डॉलर बाजाराच्या दराने घेता-विकता येतो आणि बँकेचे शुल्क त्या दरापासून वेगळे दिसते. ३० जून २०२४ला रिझर्व्ह बँक 'प्रोजेक्ट नेक्सस'मध्ये दाखल झाली. मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर आणि थायलंड यांच्या तत्काळ पेमेंट यंत्रणांशी यूपीआय जोडण्याच्या या योजनेची आखणीच अशी आहे, की चलन बदलून देणारे अनेक पुरवठादार आपापले दर मांडू शकतील. म्हणजे धोरणाची दिशा ठरली आहे. पण कायदा माहिती द्यायला लावतो, ती शेजारी शेजारी मांडायला लावत नाही. एकेका कंपनीने आपापली पट्टी प्रामाणिकपणे दाखवली तरी चार पट्ट्या गोळा करण्याचे कष्ट ग्राहकाचेच राहतात. आणि अनेक दर मांडणारी यंत्रणा उद्या उभी राहिली, तरी तिला जोडलेला क्लायंट पहिलाच दर उचलणार असेल, तर सगळा खटाटोप शेवटच्या वितभर अंतरावर वाया जाईल.

त्यामुळे जबाबदारी वाटून घ्यावी लागेल. बँका आणि पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांनी आपला दर मुदतीसह, बांधील की अंदाजे हे सांगून आणि पोचणाऱ्या रकमेसकट द्यावा. रिझर्व्ह बँकेने या दरांचा एकच नमुना ठरवून द्यावा, म्हणजे कोणाच्याही सॉफ्टवेअरला ते एका ओळीत वाचता येतील. परकीय चलनाची सेवा दुसऱ्या बँकेमार्फत देणाऱ्या आपल्या सहकारी बँकांनी एकाच भागीदाराचा दर सभासदाच्या माथी मारण्याऐवजी दोन-तीन ठिकाणचे दर मागवावेत; सभासदाचे हित पाहणे हा सहकाराचा मूळ धर्म आहे, आणि त्यासाठी लागणारे तंत्र आता आवाक्यात आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय इथल्या मुलांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. प्रवाहात येणारे दर गोळा करून पट्टी छापणारा, मुक्त परवान्याचा, कोणालाही तपासता येईल असा छोटा क्लायंट हा त्यांतला एक होऊ शकतो. आणि ग्राहकाने 'दर काय?' एवढे विचारून थांबू नये. घरी नेमके किती, कधी आणि कोणाच्या हमीवर पोचणार, हे पैसे निघण्याआधी त्याने लेखी मागावे. ते न सांगणाऱ्याकडून पैसे पाठवू नयेत, मग त्याने शुल्क शून्य लावलेले का असेना.